५० लाखांत दोन आठवडे! त्वचेवर लावायच्या जीन थेरपीचं गणित समजून घेऊया

मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड आला. चार वर्षांचा मुलगा, दोन्ही हातांना बोटांपर्यंत बँडेज, खाली यूपीआयचा क्यूआर कोड आणि एक ओळ : 'अमेरिकेत औषध आलंय, फक्त जेल लावायचं आहे, पाच कोटी हवेत.' ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडले. काही जण हात जोडल्याचे इमोजी टाकत होते, काही जण 'फेक आहे, पुढे पाठवू नका' म्हणत होते. शेवटी नेहमीप्रमाणे मला टॅग केलं गेलं, "तू सॉफ्टवेअरवाला ना, बघ जरा खरं का खोटं."

मेसेजमधल्या नंबरवर फोन केला. मुलगा खरा होता, आजारही खरा होता. त्याचे वडील चाकण एमआयडीसीत, म्हाळुंगेच्या एका व्हेंडर कंपनीत वेल्ड शॉपला आहेत. गुरुवारी त्यांची सुट्टी असते, तेव्हा चहाच्या टपरीवर भेटलो. मुलाचं नाव आणि फोटो इथे देत नाहीये. बाकी जे लिहितोय ते त्यांना सांगूनच.

रिपोर्टची फाईल दाखवून झाल्यावर दादांनी एकच प्रश्न विचारला, "सर, समजा पैसे जमले, तर ते पुरणार किती दिवस?"

आमच्या ग्रुपमधल्या कुणालाच हा प्रश्न सुचला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नाही. या लेखात त्याचंच उत्तर शोधूया.

पत्रा चांगला आहे, वेल्ड नाही

आजाराचं नाव एपिडर्मोलायसिस बुलोसा. डॉक्टर थोडक्यात 'ईबी' म्हणतात. जरा घासलं, ओढलं, कधी नुसतं कुशीवर वळलं तरी कातडीवर फोड येतात आणि ती सोलवटून निघते.

आपली त्वचा म्हणजे एकमेकांवर बसवलेले दोन मुख्य थर आहेत. वरचा थर खालच्या थराला धरून राहावा म्हणून मध्ये बारीक धाग्यांचे टाके असतात. हे टाके 'कोलॅजेन ७' नावाच्या प्रोटीनचे बनतात. हे प्रोटीन कसं बनवायचं याची कृती सीओएल७ए१ या जनुकात लिहिलेली असते. जनुकात बिघाड असेल तर कोलॅजेन ७ बनत नाही, किंवा सदोष बनतं. मग थर एकमेकांवर नुसते ठेवल्यासारखे राहतात. ईबीच्या या प्रकाराला डिस्ट्रॉफिक ईबी म्हणतात.

मी हे सांगत होतो तेव्हा दादांनी मध्येच विचारलं, "म्हणजे पत्रा चांगला आहे, स्पॉट वेल्डच नाही?" अगदी बरोबर. इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

गंभीर प्रकारात त्रास वरच्या कातडीपुरता राहत नाही. जखमा भरताना बोटं एकमेकांना चिकटत जातात आणि हात मुठीसारखा बंद होतो. तोंडात आणि अन्ननलिकेतही फोड येतात, अन्ननलिका अरुंद होते, घास उतरत नाही. जखमांतून रक्त आणि प्रोटीन जात राहिल्यामुळे अंगात रक्त कमी होतं. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमांच्या जागी पुढे त्वचेचा कॅन्सर होण्याचा धोका मोठा असतो.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी : हा आजार संसर्गजन्य नाही. हात लावल्याने, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही.

दादांच्या घरी आणखी एक भांडण चालू होतं. आजीचं म्हणणं, सुनेने गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं. मुलाचा प्रकार 'रिसेसिव्ह' आहे, असं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय. याचा अर्थ आई आणि वडील दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत होती. दुसरी प्रत चांगली असल्यामुळे दोघांनाही काही त्रास नव्हता. मुलाच्या वाट्याला मात्र दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता २५ टक्के असते. इथे ग्रहणाचा संबंध नाही आणि एकट्या आईचा तर नाहीच नाही.

जेलमध्ये नेमकं काय आहे?

फॉरवर्डमधलं औषध अस्तित्वात आहे. त्याचं नाव व्हायजुवेक. अमेरिकेच्या पिट्सबर्ग शहरातल्या क्रिस्टल बायोटेक या कंपनीने ते बनवलं. कृष आणि सुमा कृष्णन हे भारतीय वंशाचं जोडपं या कंपनीचे संस्थापक आहेत. अमेरिकेच्या एफडीएने १९ मे २०२३ ला त्याला मंजुरी दिली. डिस्ट्रॉफिक ईबीच्या जखमांवर थेट लावायची ही पहिली जीन थेरपी.

कल्पना साधी आहे : शरीराकडे प्रोटीनची चांगली कृती नाही ना, मग ती बाहेरून पेशीत पोचवा. खरी अडचण आहे डिलिव्हरीची.

जनुक पेशीच्या आत न्यायला शास्त्रज्ञ व्हायरस वापरतात, कारण पेशीत घुसणं हे व्हायरसचं रोजचंच काम आहे. त्याच्यातला रोग पसरवणारा भाग काढायचा आणि त्या जागी आपला कोड भरायचा. बऱ्याच जीन थेरपींमध्ये एएव्ही नावाचा छोटा व्हायरस वापरतात. पण त्यात साधारण ४,७०० अक्षरंच मावतात आणि कोलॅजेन ७ ची कृती आहे सुमारे ९,००० अक्षरांची. ईमेलची अटॅचमेंट लिमिट ओलांडल्यावर जे होतं, तेच इथे होतं.

म्हणून क्रिस्टलने मोठा ट्रक निवडला : एचएसव्ही-१. तापानंतर काही जणांच्या ओठांच्या कडेला फोड उठतात, तो याच व्हायरसमुळे. त्याचा स्वतःचा जीनोम सुमारे दीड लाख अक्षरांचा आहे. त्यातले त्याला वाढू देणारे भाग काढून सीओएल७ए१ च्या दोन प्रती बसवल्या. हा व्हायरस जेलमध्ये मिसळून जखमेवर थेंबाथेंबाने लावतात. तो त्वचेच्या पेशींत शिरतो, पेशी कोलॅजेन ७ बनवायला लागते आणि टाके पडू लागतात.

चाचणीत काय दिसलं? डिसेंबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आले. ३१ रुग्ण होते. प्रत्येकाच्या एका जखमेवर खरं औषध आणि तशाच दुसऱ्या जखमेवर औषध नसलेलं जेल लावलं. सहा महिन्यांनी खरं औषध लावलेल्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या होत्या, दुसऱ्या गटात २२ टक्के. ज्या आजाराला इतकी वर्षं फक्त पट्ट्या बांधत होतो, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

पण दोन मर्यादा लक्षात ठेवा. पहिली, जेल जिथे लावलं तिथेच काम करतं. अन्ननलिकेतल्या फोडांपर्यंत ते पोचत नाही. दुसरी मर्यादा दादांच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. हा व्हायरस आपला कोड पेशीच्या मूळ डीएनएमध्ये कायमचा लिहीत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. पण त्वचेच्या पेशी झडतात, नव्या येतात आणि नव्या पेशींत तो कोड नसतो. म्हणून जेल पुन्हा लावावं लागतं. आठवड्यातून एकदा.

एकदाच खरेदी की सबस्क्रिप्शन?

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये एका बाळाच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी पैसे जमवले होते, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तो आजार वेगळा होता, स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी. झोलजेन्स्मा हे ते इंजेक्शन आयुष्यात एकदाच द्यायचं असतं. रक्कम प्रचंड, पण आकडा गाठला की संपलं. लोकवर्गणीची आपल्या डोक्यातली कल्पना तिथूनच आली आहे : टार्गेट, प्रोग्रेस बार, १०० टक्के.

व्हायजुवेकचं तसं नाही. अमेरिकेत त्याच्या एका कुपीची जाहीर किंमत २४,२५० डॉलर ठरली. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर सुमारे २१ लाख ३४ हजार रुपये. आठवड्याला एक कुपी. जखमा भरत गेल्या की कमी कुप्या लागतील असं धरून कंपनीने वर्षाचा सरासरी खर्च ६ लाख ३१ हजार डॉलर काढला होता. म्हणजे साधारण २६ कुप्या, साडेपाच कोटी रुपये. फॉरवर्डमधले 'पाच कोटी' इथूनच आले असणार. पण मेसेजमध्ये 'दर वर्षी' हे दोन शब्द नव्हते.

आता सरकारी मदतीकडे बघू. केंद्र सरकारचं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ चं आहे. मे २०२२ मध्ये त्यात बदल झाला आणि यादीतल्या आजारांसाठी प्रत्येक रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आली. ही मदत ठरावीक केंद्रांमार्फत मिळते. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईत परळचं केईएम रुग्णालय.

समजा सगळं जुळून आलं आणि पूर्ण ५० लाख मिळाले. भागिले २१ लाख ३४ हजार. दोन कुप्या येतात, तिसरीला पैसे कमी पडतात. दोन कुप्या म्हणजे दोन आठवडे.

दादांना हे मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, चहाचे पैसे मात्र मला देऊ दिले नाहीत.

माझ्या मते धोरणातली खरी गाठ इथे आहे. ५० लाख ही रक्कम लहान नाही. पण तिचा साचा एकदाच होणाऱ्या खर्चाचा आहे आणि आनुवंशिक प्रोटीनची कमतरता आयुष्यभर पुरते. हे प्रश्न कोर्टातही गेले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्मिळ आजारांसाठी ९७४ कोटींचा राष्ट्रीय निधी उभारायला सांगितलं. ५० लाखांपलीकडे मदत द्यायची का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. निकाल काहीही लागो, साडेपाच कोटींची वर्षाची वर्गणी कुठलाच निधी शेकडो मुलांसाठी भरू शकणार नाही. किंमतच खाली यायला हवी.

एकदाच करायचा पर्यायही आलाय. एप्रिल २०२५ मध्ये एफडीएने झेव्हास्किनला मंजुरी दिली. यात रुग्णाच्याच पेशी घेऊन, प्रयोगशाळेत जनुक दुरुस्त करून, त्यांचे कातडीसारखे पातळ तुकडे वाढवतात आणि ऑपरेशन करून जखमांवर बसवतात. अमेरिकेतली किंमत ३१ लाख डॉलर, म्हणजे २७ कोटी रुपयांहून जास्त.

मग भारतात कॉपी का होत नाही?

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, कारण ताजं उदाहरण समोर आहे. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीवरचं रिस्डिप्लाम हे रोश कंपनीचं औषध भारतात बाटलीला सुमारे ६ लाख रुपयांना मिळत होतं. नॅटको फार्माने त्याची जेनेरिक आवृत्ती आणायचं ठरवल्यावर पेटंटवरून कोर्टात लढाई झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोशची मागणी फेटाळली आणि नॅटकोची बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली.

पण रिस्डिप्लाम हा छोटा रेणू आहे. कृती कळली की चांगला केमिस्ट तो बनवू शकतो, आणि भारत यात जगात पुढे आहे. व्हायजुवेक म्हणजे जिवंत पेशींमध्ये वाढवलेला, बदललेला व्हायरस. प्रत्येक बॅच शुद्ध आहे का, व्हायरस स्वतःहून वाढत नाही ना, कोड नीट काम करतोय का, हे सगळं सिद्ध करावं लागतं. ड्रॉइंग हातात आलं म्हणून पार्ट बनत नाही, आधी टूलरूम लागते. हे चाकणच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चांगली बातमी अशी की ही टूलरूम भारतात हळूहळू उभी राहतेय. तीन उदाहरणं देतो.

पहिलं मुंबईचं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून इम्युनोॲक्ट कंपनीची नेक्सकार१९ ही रक्ताच्या कॅन्सरवरची उपचारपद्धती आली. रुग्णाच्या पेशी बाहेर काढून, जनुक बदलून परत देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. परदेशात काही कोटींना पडणारा हा उपचार इथे साधारण ४० लाखांच्या घरात आला.

दुसरं वेल्लोरच्या सीएमसीचं. हिमोफिलिया ए मध्ये रक्त गोठवणारं फॅक्टर ८ हे प्रोटीन जन्मतः कमी असतं, म्हणजे आपल्या विषयाचाच भाऊ. तिथल्या डॉक्टरांनी ५ रुग्णांवर जीन थेरपी केली. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल आले, तेव्हा पाचही जणांचे रक्तस्रावाचे झटके थांबले होते.

तिसरं थेट पुण्याशी जोडलेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलसेलसाठी भारतात तयार झालेली बिरसा १०१ ही क्रिस्पर थेरपी जाहीर झाली. ती सीएसआयआरच्या दिल्लीतल्या आयजीआयबी संस्थेने विकसित केली आणि पुढे उत्पादनासाठी भागीदार आहे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट.

यातली एकही गोष्ट ईबीसाठी नाही. त्यामुळे 'लवकरच भारतात स्वस्त जेल' असं कुठे वाचलंत तर विश्वास ठेवू नका. पण जनुक पेशीत पोचवायचं आणि ते परवडेल अशा किमतीत करायचं, हे कौशल्य एकदा देशात रुजलं की पुढचा आजार तुलनेने सोपा जातो. ईबीच्या कुटुंबांनी आत्ता मागणी लावून धरायची ती याचीच : इथे संशोधन, इथे चाचण्या, इथे उत्पादन.

आज काय करता येतं?

तोपर्यंत थांबून राहायचं का? अजिबात नाही. दादांना मी जे सांगितलं ते इथे लिहितो. मी डॉक्टर नाही. हे त्वचारोगतज्ज्ञांशी बोलण्याआधीची तयारी समजा.

१. प्रकार नक्की करून घ्या. ईबीचे मुख्य चार प्रकार आहेत आणि प्रत्येकात वेगळं प्रोटीन बिघडलेलं असतं. व्हायजुवेक फक्त डिस्ट्रॉफिक प्रकारासाठी आहे. दुसरा प्रकार असेल तर पाच कोटी जमवूनही उपयोग नाही. त्वचेची बायोप्सी आणि जनुक तपासणी यातून प्रकार कळतो. हा रिपोर्ट जपून ठेवा, पुढे कुठल्याही चाचणीत किंवा योजनेत पहिला कागद तोच मागतील.

२. ड्रेसिंग हाच आजचा उपचार आहे. जखमेला न चिकटणारी सिलिकॉनची ड्रेसिंग वापरतात. साधी चिकटपट्टी कधीच नाही. या मुलाला पहिल्यांदा एका दवाखान्यात साधी पट्टी लावली होती. काढताना पट्टीबरोबर कातडी निघाली. फोड मोठा होत असेल तर निर्जंतुक सुईने खालच्या बाजूने टोचून पाणी काढतात आणि वरची कातडी तशीच ठेवतात, तीच नैसर्गिक झाकण असते. हे घरी कसं करायचं ते डॉक्टर किंवा नर्सकडून एकदा बघून शिका.

३. मुलाला काखेत धरून उचलू नका. अंगाखाली हात घालून उचला. कपडे मऊ सुती, शिवण बाहेरच्या बाजूला, लेबल कापलेलं.

४. बोटं वेगवेगळी गुंडाळून ठेवणं, लोह आणि प्रोटीनकडे लक्ष, दात मऊ ब्रशने घासणं, आणि न भरणारी जखम वेळेवर दाखवणं. यातली एकही गोष्ट बातमीत येत नाही, पण हात उघडा राहतो तो यामुळेच.

५. पुढचं मूल हवं असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. घरातला बिघाड नेमका माहीत असेल तर गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तपासणी होऊ शकते.

६. केईएमसारख्या केंद्रात जाऊन विचारा की आपला आजार आणि आपला प्रकार यादीत बसतो का. एजंटमार्फत नाही, स्वतः. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारचं लोकवर्गणीचं डिजिटल पोर्टलही आहे. त्यावर रुग्णाची नोंद केंद्राकडूनच होते.

आणि आपण, फॉरवर्ड करणारे?

असा मेसेज आला तर तीन प्रश्न विचारा. आजाराचा नेमका प्रकार कोणता, रिपोर्ट आहे का? मागितलेली रक्कम एकदाची की दर वर्षाची? पैसे कुठे जाणार, रुग्णालयाच्या किंवा पोर्टलच्या खात्यात की अनोळखी यूपीआयवर? उत्तरं मिळाली तर जरूर मदत करा. आणि मुलाचा फोटो पुढे ढकलू नका. तो मोठा होणार आहे, शाळेत जाणार आहे आणि इंटरनेट काही विसरत नाही.

दादांनी ते फॉरवर्ड थांबवलं. त्याऐवजी आमच्या ग्रुपने छोटी गोष्ट केली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ड्रेसिंगच्या बिलात महिन्याला हातभार लावायचा. पाच कोटींचा आकडा बघून ज्यांनी काहीच दिलं नव्हतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी यात नाव दिलं, कारण इथे आपले २०० रुपये कुठे गेले ते दिसतं.

दादांच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. जमलेले पैसे जेलला दोन आठवडे पुरले असते. ड्रेसिंगला, तपासणीला आणि डॉक्टरकडे जाण्या-येण्याला ते बरीच वर्षं पुरतील. तोपर्यंत आपली टूलरूम उभी राहिली पाहिजे.